तिसऱ्या दशांशातला फरक

एमएस्सीच्या संगणकीय भौतिकशास्त्राच्या पहिल्या तासाला मी दर वर्षी मुलांना लॅपटॉप बंद करायला लावते आणि फळ्यावर दोन बाय दोनची जाळी काढते. चार स्पिन, म्हणजे चार इवलेसे चुंबक, प्रत्येक वर नाहीतर खाली, म्हणजे एकूण १६ अवस्था. चुंबकत्वाच्या आयझिंग मॉडेलचा याहून सोपा नमुना वर्गात घेण्यासारखा नाही. कडा एकमेकींना जोडून ऊर्जा मोजली की दोन अवस्थांची उणे ८ येते, दोन अवस्थांची अधिक ८, आणि उरलेल्या १२ अवस्थांची शून्य. मग ऑनसागरने १९४४ साली अनंत जाळीसाठी काढलेलं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसं होतं ते, २.२६९, त्यात घालायचं. √२ असलेली पदं एकमेकांना कापतात आणि बोल्ट्झमन भारांची, म्हणजे प्रत्येक अवस्थेची शक्यता ठरवणाऱ्या आकड्यांची, बेरीज बरोबर ८० भरते. हे पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. दर स्पिनमागे सरासरी ऊर्जा उणे १.६९७ येते. हा आकडा वहीत आल्यावरच कीबोर्डला हात लावायचा, आणि प्रोग्रॅमने तोच आकडा दिल्याशिवाय मोठ्या जाळीकडे वळायचं नाही.

सोलापूर जिल्ह्यातून आलेली एक विद्यार्थिनी हे मनापासून पाळायची. प्रकल्पासाठी तिने १६ बाय १६ ची जाळी घेतली होती आणि पद्धत वोल्फची. तिच्याआधीची जुनी पद्धत मेट्रोपोलिस. दोन्ही मॉन्टे कार्लो पद्धती, म्हणजे रँडम नंबर वापरून अवस्थांचे नमुने घेत सरासरी काढणाऱ्या. १९५३ सालची मेट्रोपोलिस पद्धत एकेक स्पिन उलटवते. क्रांतिक तापमानाला मात्र एकाच दिशेच्या स्पिनांचे मोठाले पुंजके तयार होतात आणि एकेक स्पिन उलटवून ते हलता हलत नाहीत. रन नुसता रेंगाळतो. वोल्फने १९८९ साली अख्खा पुंजका एका फटक्यात उलटवायची युक्ती काढली.

जुलैतली धो धो पावसाची सकाळ होती. छत्री दाराबाहेर निथळत ठेवून ती आत आली आणि टेबलावर ऊर्जेचा एक आलेख ठेवला. "मॅडम, हे जुळत नाहीये."

एवढ्या जाळीचं अचूक उत्तर फर्डिनंड आणि फिशर यांच्या १९६९ सालच्या कामामुळे काढता येतं. ते तिने लाल रेषेने दाखवलं होतं. तिचं उत्तर त्याच्यापासून हललं होतं ते तिसऱ्या दशांशस्थळी. वर्गातली मुलं तिला म्हणाली होती, एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसलीस, रन वाढव. सल्ला तसा रास्त होता. मॉन्टे कार्लोमधली चूक नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, एक दशांश जास्त हवा तर शंभरपट नमुने लागतात. तिने ते केलंही होतं. आलेखात डावीकडून उजवीकडे एरर बार, म्हणजे आकडा कितपत इकडेतिकडे असू शकतो ते दाखवणाऱ्या उभ्या रेघा, आखूड होत गेले होते, आणि सगळे बिंदू रेषेच्या एकाच बाजूला होते. शेवटचे दोन-तीन बार तर रेषेला टेकतही नव्हते.

पुण्यात मोठ्या संगणकाचं कौतुक जुनं आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक इथेच उभा केला. गणनशक्ती वाढवली की उत्तर सुधारेल, असं मुलांना वाटणं साहजिक आहे. इथे मात्र शक्ती वाढेल तसं चुकीचं उत्तरच अधिक ठाम होत चाललं होतं.

तिने त्याच प्रोग्रॅममध्ये मेट्रोपोलिस चालवून बघितली होती, ती रेषेवर बसत होती. साहजिकच तिचा संशय पुंजका वाढवणाऱ्या भागावर. तो भाग छापून, ओळ न् ओळ पेन्सिलने खुणा करत तिने तपासला होता. त्यात काही सापडलं नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "अगं, रँडम नंबर कुठून येतात?"

तिने फाइल उघडली. प्रयोगशाळेत हातोहात फिरत आलेली फोर्ट्रानची जुनी सबरूटीन, आर२५० नावाचा रँडम नंबर जनरेटर. प्रत्येक नवी संख्या १०३ आणि २५० जागा मागच्या संख्यांच्या बिटांवरून तयार होते. जनरेटर वेगवान, त्या काळी चांगला मानलेला. पण १९९२ साली फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी दाखवून दिलं की वोल्फ पद्धतीला हाच जनरेटर जोडला की ऊर्जा चुकते. पुंजका वाढवताना संख्या ओळीने खर्च होतात, त्यामुळे मागच्या संख्येशी असलेलं नातं पुंजक्याच्या आकारात झिरपतं. तो शोधनिबंध मला माहीत होता. तरी तिला लगेच दिला नाही. म्हटलं, आधी जनरेटर बदल, बाकी एक अक्षर बदलू नकोस.

तिने मर्सेन ट्विस्टर हा दुसरा जनरेटर लावला. आम्ही कँटीनमध्ये जाऊन चहा घेऊन आलो, तोवर पहिले बिंदू उमटले होते. दुपारपर्यंत ते लाल रेषेवर, कधी वर कधी खाली, जसे असायला हवेत तसे बसले. मग मी तिच्या हातात शोधनिबंध ठेवला. त्यातला तक्ता ती उभ्यानेच वाचत राहिली. इतक्या वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाला सापडलेली गोष्ट तिने स्वतःच्या हाताने पकडली होती. मला तिचा फार अभिमान वाटला.

वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, इथे अचूक उत्तर होतं म्हणून कळलं. त्रिमितीत काय करायचं?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. त्रिमितीतल्या आयझिंग मॉडेलचं अचूक उत्तर आजवर कुणालाही काढता आलेलं नाही. तिथे लाल रेषाच नाही. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि ठरवलं, की त्रिमितीचा प्रत्येक रन दोन अगदी वेगळ्या तऱ्हेने बनलेल्या जनरेटरांवर घ्यायचा, आणि एरर बारच्या आत दोन्ही जुळल्याशिवाय आकडा वहीत लिहायचा नाही. संध्याकाळी तिने पहिली जोडी रांगेत लावली.