तुम्ही विचारलंत म्हणून: नाटकात यायचं तर कुठून?

"मला अभिनय येत नाही, पण नाटकात काहीतरी करायचंय. तुम्ही कशा शिरलात?" प्रयोग संपल्यावर विंगेत भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण तरी हे विचारतोच. तेव्हा आमची सेट उतरवायची घाई असते, म्हणून इथे नीट सांगते.

बदली होऊन सांगलीत आले तेव्हा गावात ओळखीचं कोणी नव्हतं. ५ नोव्हेंबरला शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज नटराजपूजन आहे, चल." १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी इथे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर 'सीता स्वयंवर' केलं. बाकी महाराष्ट्राला तो मराठी रंगभूमी दिन, सांगलीकरांना मात्र घरचं कार्य. तिथे एका हौशी संस्थेची मंडळी भेटली. "काही काम असलं तर सांगा," एवढंच मी म्हटलं. त्यातले एक सर म्हणाले, "मोठ्यानं, स्पष्ट वाचता येतं ना? उद्या आठला शाळेच्या हॉलवर या."

पहिलं वर्षभर मी प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे विंगेत संहितेची वही घेऊन बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा. हे काम लोकांना दुय्यम वाटतं, पण मला नाटक कळलं ते तिथेच. समोरचा नट थांबलाय की अडलाय, हे ओळखायला मला दीड महिना लागला. थांबलेल्याला शब्द दिला की त्याचा प्रसंग मोडतो आणि अडलेल्याला द्यायला उशीर झाला की पहिल्या रांगेला कळतं. सुरुवातीला माझी नजर वहीवरून हलायची नाही. पुढे पुढे संहिता माझीच पाठ झाली आणि मी त्यांच्या श्वासाकडे बघायला लागले. अडलेला माणूस श्वास धरून ठेवतो.

दुसऱ्या वर्षी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळायचं काम, माझ्याकडे आली. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या अंकातलं पत्र मी टेबलावर ठेवायला विसरले. विंगेत माझे हातपाय गार पडले. आमच्या नटानं रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, म्हणाला, "पत्र कशाला हवं, शब्द न् शब्द पाठ आहे मला," आणि अख्खं पत्र तोंडपाठ म्हटलं. प्रयोगानंतर मला कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी वस्तूंची प्रवेशवार यादी लिहून काढली. आजही आमच्या प्रत्येक प्रयोगाला तशी यादी विंगेत चिकटवलेली असते.

अभिनयाशिवाय कामं किती असतात, हे बाहेरून दिसत नाही. लेखकाची परवानगी मिळवायची, नवी संहिता असेल तर ती तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणायचं, टेम्पो ठरवायचा, सेटच्या भिंतींचे फ्लॅट रंगवायचे, ब्लॅकआऊटमध्ये खुर्ची बरोबर खुणेवर ठेवायची. आमच्याकडे प्रकाशयोजना बघतो तो दिवसभर विजेच्या मोटारी रिवाइंड करतो. नायिकेची आई झालेल्या बाई बालवाडी चालवतात. पैसे कोणालाच मिळत नाहीत, उलट खर्चाला सगळे वर्गणी काढतात. दोन महिने रोज संध्याकाळ द्यावी लागते आणि घरच्यांना ते आधी सांगावं लागतं. हे लपवून कोणाला बोलवू नये, असं माझं मत आहे.

तेव्हा पहिलं पाऊल सोपं आहे. आपल्या जवळच्या केंद्रावर स्पर्धेची प्राथमिक फेरी लागली की तीन-चार नाटकं बघा. जे आवडेल त्याच्या मंडळींना आत जाऊन भेटा, काय आवडलं ते सांगा आणि पुढची तालीम कुठे, कधी ते विचारा. भूमिका मागू नका, वेळ आहे एवढं सांगा. माणसं कायम कमी असतात, तुम्हाला परत पाठवणार नाहीत.

आमच्याकडे यायचं असेल तर तालीम आठला सुरू होते. साडेसातलाच या, आधी बाकं बाजूला सरकवून सतरंजी घालायची असते.