निक्सओएसच्या मांडणीतील पॅकेजांची आवराआवर : प्रगतीची नोंद

माझ्या वर्कस्टेशनवर निक्सओएस (संपूर्ण प्रणालीचे वर्णन फाइलींत लिहून ठेवणारी लिनक्स प्रणाली) आहे आणि त्याची संपूर्ण मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, एका गिट रेपॉझिटरीत (बदलांचा इतिहास जपणाऱ्या संग्रहात) ठेवलेली आहे. या टप्प्यात नवे काहीही बसवायचे नाही, असलेल्या पॅकेजांची, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरची, छाननी तेवढी करायची, असे ठरवून काम हाती घेतले. त्यातील मोठा भाग आता मार्गी लागला आहे.

निक्सओएसमध्ये यंत्रावर काय आहे हे मांडणीची फाइल वाचून कळते, ही मोठीच सोय आहे. मात्र एखादे पॅकेज तेथे का आले, हे ती फाइल सांगत नाही. ‘सिस्टमपॅकेजेस’च्या, म्हणजे संपूर्ण प्रणालीसाठी बसवायच्या पॅकेजांच्या, यादीत एकाखाली एक नावे साचत गेली होती आणि त्यांपैकी कितीतरी नावांचा हेतू नुसत्या वाचनाने उमगत नव्हता. म्हणून प्रत्येक संशयास्पद नावासाठी ‘गिट लॉग’ला ‘-एस’ हा पर्याय देऊन ते नाव कोणत्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) प्रथम आले ते शोधले. ज्या कामासाठी ते आणले होते ते काम संपले असेल तर ओळ काढून टाकली. चालू असेल तर त्या ओळीशेजारीच कारणाची टिप्पणी लिहिली. कमिटचा संदेश कितीही नेटका असला तरी फाइल वाचणाऱ्याच्या नजरेसमोर असते ती टिप्पणीच, असे माझे ठाम मत झाले आहे.

उरलेल्या पॅकेजांची जागा ठरवताना ‘हे कोणाला आणि केव्हा लागते’ एवढाच निकष लावला. यंत्र नीट सुरू होत नसताना रूट वापरकर्त्याला जे हाताशी हवे, म्हणजे गिट, व्हिम, आरसिंक आणि डिस्क तपासण्याची साधने, ते प्रणालीच्या यादीत राहिले. रोजच्या वापरातील वैयक्तिक साधने होम मॅनेजरकडे, म्हणजे एका वापरकर्त्यापुरती मांडणी सांभाळणाऱ्या साधनाकडे, गेली. कंपायलर आणि लँग्वेज सर्व्हर (संपादकाला प्रोग्रॅमिंग भाषेची मदत पुरवणारे कार्यक्रम) त्या त्या प्रकल्पाच्या फ्लेकमध्ये (काय काय लागते ते नोंदणाऱ्या निक्सच्या फाइलीत) हलवले, कारण प्रकल्पागणिक त्यांच्या आवृत्त्या वेगळ्या लागतात. डायरेन्व्ह या साधनामुळे प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शिरताच ती आपोआप उपलब्ध होतात. क्वचित लागणाऱ्या साधनांना यादीत स्थानच दिले नाही, त्यांच्यासाठी साधन तात्पुरते उपलब्ध करून देणारा ‘निक्स शेल’ हा आदेश पुरेसा आहे. काही पॅकेजे प्रणालीत आणि होम मॅनेजरमध्ये अशी दोन्हीकडे नोंदलेली होती. दोन्ही ठिकाणी नेमके तेच बांधलेले पॅकेज असेल तर निक्स स्टोअरमध्ये, म्हणजे सर्व पॅकेजे साठवणाऱ्या फोल्डरमध्ये, प्रत एकच राहते, त्यामुळे जागेचे नुकसान नव्हते. परंतु आवृत्त्या वेगळ्या झाल्यास कोणती चालेल हे पाथमधील (कार्यक्रम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतील) क्रमावर अवलंबून राहते, म्हणून प्रत्येकाची नोंद एकाच ठिकाणी ठेवली.

यादीतून पूर्णपणे हटवून मॉड्यूलकडे, म्हणजे निक्सओएसमधील तयार मांडणीकडे, सोपवण्याजोगी पॅकेजेही निघाली आणि त्यांत वायरशार्क या नेटवर्क तपासण्याच्या कार्यक्रमाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. निक्स स्टोअरमधील फाइलींना सेटयूआयडी किंवा विशेष कॅपॅबिलिटी (कार्यक्रमाला वाढीव अधिकार देणाऱ्या खुणा) देता येत नाही. त्यामुळे वायरशार्क नुसते यादीत लिहिल्यास कार्यक्रम उघडतो, पण सामान्य वापरकर्त्याला नेटवर्कचे पॅकेट टिपता येत नाहीत. ‘प्रोग्रॅम्स’खालील वायरशार्कचे मॉड्यूल चालू केले की ‘वायरशार्क’ नावाचा गट तयार होतो आणि ‘डंपकॅप’ या पॅकेट टिपणाऱ्या भागासाठी आवश्यक कॅपॅबिलिटी असलेला रॅपर (आवरण-कार्यक्रम) स्टोअरच्या बाहेर, ‘रन’खालच्या ‘रॅपर्स’ फोल्डरमध्ये, बनतो. आपला वापरकर्ता त्या गटात घालावा लागतो. शिवाय मॉड्यूलचे मूळ पॅकेज आदेश-ओळीपुरते असल्याने चित्रमय आवृत्ती हवी असेल तर ‘पॅकेज’ हा पर्याय स्वतंत्रपणे द्यावा लागतो. अशा साधनांच्या बाबतीत आधी मॉड्यूल आहे का ते पाहावे आणि नसेल तरच यादीकडे वळावे, हा क्रम मी आता कायम केला आहे.

यादी लहान झाली म्हणून प्रणाली लहान होतेच असे नाही. खरा आकार क्लोजरचा, म्हणजे प्रणाली चालण्यासाठी स्टोअरमध्ये जे जे असावे लागते त्या संपूर्ण संचाचा. प्रत्येक बदलानंतर ‘निक्सओएस-रीबिल्ड बिल्ड’ चालवून तयार झालेल्या प्रणालीची चालू प्रणालीशी ‘डिफ-क्लोजर्स’ने तुलना केली. अनपेक्षित काही शिल्लक दिसले की ‘निक्स व्हाय-डिपेंड्स’ ते कोणामुळे टिकून आहे याची साखळी दाखवतो. इलेक्ट्रॉनची (डेस्कटॉप अॅप बनवण्याच्या चौकटीची) देखभाल थांबलेली एक आवृत्ती याच मार्गाने सापडली: नोंदी ठेवण्याच्या एका अॅपमुळे ती आत येत होती आणि तिच्यासाठी असुरक्षित पॅकेजांना परवानगी देणारी ओळही मांडणीत होती. अॅप बदलले आणि परवानगीही काढली. ती ओळ नसल्यामुळे तशी आवृत्ती पुन्हा आत येऊ लागली तर मांडणीचे मूल्यमापन तेथेच थांबेल, आणि मला तेच हवे आहे.

मांडणीच्या फ्लेकच्या लॉक फाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्या नोंदणाऱ्या फाइलीत) निरनिराळ्या इनपुटांनी, म्हणजे बाहेरून घेतलेल्या स्रोतांनी, आपापले निक्सपॅकेजेस (पॅकेजांचा मुख्य संग्रह) आणले होते. ‘फॉलोज’ वापरून बहुतेक सर्व एकाच प्रतीवर आणले. मात्र जे इनपुट स्वतःची बायनरी कॅश (आधीच बांधलेल्या पॅकेजांचा साठा) पुरवते ते मुद्दाम तसेच ठेवले. तेथे ‘फॉलोज’ लावल्यास पॅकेजची ओळख ठरवणारा हॅश बदलतो, कॅशचा उपयोग राहत नाही आणि सर्व काही आपल्याच यंत्रावर कंपाइल करावे लागते.

जागा मोकळी करण्याचे काम सर्वांत शेवटी घेतले. जुन्या जनरेशन (प्रणालीच्या जपून ठेवलेल्या आधीच्या अवस्था) एखाद्या पॅकेजचा संदर्भ धरून असतील तोवर ते स्टोअरमधून जात नाही. ‘निक्स-कलेक्ट-गार्बेज’ हा साफसफाईचा आदेश सामान्य वापरकर्ता म्हणून चालवल्यास प्रणालीच्या जनरेशनना हात लागत नाही, त्यासाठी रूट म्हणूनच तो चालवावा लागतो. त्यानंतरही, कोणत्या दुव्यांमुळे पॅकेजे टिकून आहेत ते दाखवणाऱ्या ‘प्रिंट-रूट्स’ने तपासणी केली असता जुन्या बिल्डचे ‘रिझल्ट’ दुवे आणि बंद झालेल्या प्रकल्पांतील डायरेन्व्हचे दुवे बरेच काही अडवून बसलेले आढळले. ते काढल्यावरच स्टोअरमध्ये लक्षणीय फरक पडला. बूट मेन्यूतील जुन्या नोंदी पुढील रीबिल्डच्या वेळी निघतात, हेही ध्यानात ठेवावे.

फाँटचे काम लवकर आटोपले. आता उरले आहे ते टेक लाइव्ह, म्हणजे दस्तऐवज जुळवण्याच्या टेक प्रणालीचा संच. सध्या त्याची संपूर्ण योजना (‘स्कीम’, म्हणजे पॅकेजांचा ठरीव गट) बसवलेली आहे आणि माझ्या क्लोजरमधील सर्वांत मोठा वाटा तिचाच आहे. मध्यम योजना घेऊन ‘विथपॅकेजेस’द्वारे गरजेपुरती भर घालायची आणि माझे सर्व जुने दस्तऐवज त्यावर कंपाइल होतात का हे पाहायचे, हे काम पुढच्या टप्प्यात घेणार आहे.