स्टेजवर रेडिओ करताना चेहऱ्याचं काय करायचं?

ऑडिओ डॉक्युमेंटरी पहिल्यांदा स्टेजवर केली तेव्हा मी तयार एपिसोड घेतला, त्यातलं माझं निवेदन काढून टाकलं, तेवढी जागा मोकळी ठेवली आणि ती एकच लांबलचक फाइल लावून मधल्या गॅपमध्ये लाइव्ह बोलायला उभा राहिलो, कराओकेच म्हणा ना. चौथ्या मिनिटाला एका आजोबांच्या वाक्यावर लोक दणकून हसले आणि आजोबांचं पुढचं वाक्य, ज्यात सगळ्या गोष्टीचा जीव होता, ते त्या हशात बुडालं. फाइल कशाला थांबतेय! मी आपला पुढचा गॅप गाठायला धावतोय.

तेव्हापासून प्रत्येक क्लिप वेगळी. क्यूलॅबसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावून ठेवायच्या, स्पेसबार दाबला की पुढची वाजते, आणि खालचं संगीत लूपवर, म्हणजे हशा लांबला तर तेही लांबतं. ‘धिस अमेरिकन लाइफ’ या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाचा निवेदक आयरा ग्लास तर हातात टॅब घेऊन स्टेजवर उभ्याउभ्या बोलता बोलता क्लिप आणि संगीत स्वतःच सोडत असतो, ते बघून वाटतं हे निवेदकाचं काम नाहीच, वादकाचं आहे, समेवर नेमकं यावं लागतं.

हेडफोनसाठी केलेला मिक्स हॉलमध्ये चालत नाही हे अजून एक. डावीकडे पॅन केलेला, म्हणजे डाव्या स्पीकरकडे ढकललेला आवाज उजवीकडच्या खुर्च्यांना धड ऐकूच जात नाही, म्हणून माणसांचे आवाज मोनो ठेवायचे, दोन्ही स्पीकरमधून सारखेच. आणि एडिटिंगमध्ये आपण लोकांचे पॉज किती निर्दयपणे कापतो ना, स्टेजसाठी मी ते परत घालतो. सहा सेकंदांची शांतता हेडफोनमध्ये बिघाड वाटते, तीच दोनशे माणसांत बसून ऐकली की कोणी खोकतसुद्धा नाही.

काही जण यात बरंच काही घालतात, रेडिओलॅब या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाने २०१३ च्या टूरमध्ये चक्क डायनासोरच्या मोठ्या पपेट्स आणल्या होत्या. मला तेवढं झेपत नाही, आणि खरं सांगायचं तर स्क्रीनवर फोटो आला की लोक ऐकायचं सोडून बघायला लागतात.

पण मग बघायला उरतो फक्त मी. क्लिप चालू असताना माझ्या चेहऱ्याचं करायचं काय? मान डोलावली तर नाटकी, लॅपटॉपमध्ये बघितलं तर ईमेल चेक करतोय असं दिसतं. सध्या मी लाइटमधून दोन पावलं मागे सरकतो आणि स्पीकरकडे बघतो, जणू माणूस तिथेच उभाय.

एका प्रयोगाला तर ज्यांचा आवाज वाजत होता त्या बाईच तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. स्टेजवर वापरू का असं आधी विचारलं होतं, नुसत्या एपिसोडची परवानगी इथे पुरत नाही, कारण समोर बसून आपल्यावर लोक हसताना ऐकणं वेगळंच. त्यांची क्लिप सुरू झाली तशी माझी नजर तिकडे गेली, तर त्या स्वतःचीच वाक्यं ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या, अडखळलेल्या जागांसकट. पुढचा स्पेसबार दाबायला मी चांगलाच लेट झालो.