भाषा कळत नाही, मग मिखोएल्स बघायचा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच आहे. यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, आपल्याला येत नाही, मिखोएल्सचं मॉस्कोतलं यिडिश थिएटर १९४९ साली बंद झालं, आणि हा नट त्याच्या आदल्याच वर्षी मारला गेला. मग नाटक करणाऱ्या मुलांना सॉलोमन मिखोएल्स बघा असं का सांगता, आणि बघायचं म्हणजे नेमकं काय?

हात बघायचे. बाकीचं मागाहून.

मिखोएल्सचा जन्म १८९० सालचा, द्विन्स्कचा. हे गाव आज लाटव्हियात आहे. खरं आडनाव वोव्सी. कायद्याचं शिक्षण घेत असताना १९१९ साली तो पेत्रोग्रादमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) दिग्दर्शक अलेक्सेई ग्रानोव्स्कीच्या यिडिश नाट्यशाळेत दाखल झाला. वय एकोणतीस, म्हणजे नटाच्या हिशेबाने उशीरच. बुटका, कपाळ पुढे आलेलं, नाक चपटं, खालचा ओठ लोंबता. नायकाच्या भूमिका मिळाव्यात असं त्या चेहऱ्यात काही नव्हतं. ग्रानोव्स्कीचा दंडक असा की रंगमंचावर शांतता हीच मूळ अवस्था. शब्द उच्चारायचा तो नाइलाज झाला तरच. हालचाल वाहती ठेवायची नाही. तिचे तुकडे पाडायचे, तुकड्यांच्या मध्ये शरीर गोठवायचं. आपल्याकडे तालमीला आधी संवाद पाठ होतात आणि हात-पाय नंतर सुचतील तसे येतात. इथे बरोबर उलटं होतं.

१ जानेवारी १९२१ ला मॉस्कोतल्या जेमतेम नव्वद खुर्च्यांच्या दालनात पहिला प्रयोग झाला. यिडिश लेखक शोलेम अलेखेमच्या छोट्या नाटिका होत्या. त्यांतली एक आगगाडीच्या डब्यात घडते: विम्याचे एजंट एकमेकांनाच पॉलिसी विकू पाहतात. नेपथ्य चित्रकार मार्क शगालचं. भिंतींवर लावायची कॅनव्हासवरची चित्रंही त्याने रंगवली आणि नटांचे चेहरेही. तुला उजवा डोळा नसता तर किती बरं झालं असतं, असं तो मिखोएल्सला म्हणाल्याचं सांगतात. विनोद सोडा, एक डोळा झाकला तर चेहऱ्याची दुसरी बाजू दुप्पट बोलते हे त्या चित्रकाराला दिसलं होतं.

१९२८च्या युरोप दौऱ्यावरून ग्रानोव्स्की परतला नाही आणि थिएटर मिखोएल्सच्या गळ्यात पडलं. तिथून १९३५ च्या लिअरपर्यंतचा (शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’) काळ मी भरभर ओलांडतो, कारण विद्यार्थ्याने मुक्काम करायचा तो लिअरपाशी. दिग्दर्शन सेर्गेई रादलोव्हचं, नेपथ्य अलेक्सांद्र तिश्लेरचं, भाषांतर श्मुएल हाल्किनचं, विदूषक बेन्यामिन झुस्किन. मिखोएल्सने दाढी लावली नाही. ही बारीक गोष्ट नव्हे. दाढी लावली की म्हातारपण फुकटात मिळतं आणि तोंडाचा खालचा अर्धा भाग झाकला जातो. त्याला तो लोंबता ओठ उघडा हवा होता. शिवाय त्याचा लिअर म्हातारपणाने चळलेला नाहीच. आपल्या शहाणपणाची अतोनात खात्री असलेला तो राजा आहे आणि राज्याची वाटणी हा त्याने मुद्दाम मांडलेला प्रयोग आहे. आपल्याला लिअरची ओळख ‘नटसम्राट’मुळे स्वगतांतून, आवाजातून झाली. हा लिअर बोटांत आहे.

तो येतो तो तुतारीच्या थाटात नाही, चोरपावलांनी. सिंहासनावर विदूषक बसलेला असतो, त्याला कानाला धरून उठवतो. मग जमलेल्यांना बोटाने मोजतो. पुढे नाटकभर एक खूण परत परत येते: हात डोक्याकडे जातो, मुकुट आहे ना हे चाचपायला. मुकुट गेल्यावरही जातो.

ही खूण करून बघणारे ठरावीक तीन चुका करतात. पहिली: मुकुट डोक्यावर असताना हात नेतच नाहीत. मग तो गेल्यावर नेलेला हात प्रेक्षकाला डोकेदुखीचा वाटतो. आधी सवय पेरावी लागते. दुसरी: हात केसांवर टेकवतात. मुकुटाला उंची असते. हात चार बोटं वर, हवेतच थांबला पाहिजे. तिसरी: हाताबरोबर डोळेही वर जातात. सवयीच्या हालचालीकडे कोणी बघत नाही. डोळे समोरच्या माणसावर आणि हात आपल्या वाटेने, असं हवं. उपाय घरातच आहे. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या, आणि वीस मिनिटं संवादांसकट वावरायचं. तांब्या उतरवला तरी थोड्या वेळाने हात आपोआप वर जातो. कुठे थांबला ते लक्षात ठेवा, तीच उंची. आणि पूर्ण नाटकात चार-पाच वेळांहून जास्त नको. सहाव्यांदा ती लकब होते.

शेवटी मेलेल्या मुलीच्या, कॉर्डेलियाच्या ओठांना तो बोटं लावतो आणि तीच बोटं आपल्या ओठांशी नेतो. मोजणारी बोटंच इथे परत येतात. इथे मोठ्याने रडणारा नट सगळं घालवून बसतो. इंग्लिश दिग्दर्शक-नेपथ्यकार गॉर्डन क्रेगसारख्या जाणकाराने मॉस्कोत हा लिअर पाहून त्याची तोंडभरून स्तुती केली. यिडिश त्यालाही येत नव्हती.

पुढचं थोडक्यात. युद्धात मिखोएल्स ज्यू फॅसिस्टविरोधी समितीचा अध्यक्ष झाला, १९४३ मध्ये अमेरिकेत सभा घेत फिरला. जानेवारी १९४८ मध्ये स्टालिन पारितोषिकासाठी नाटकं पाहायला म्हणून तो मिन्स्कला गेला. स्टालिनच्या हुकमाने गुप्त पोलिसांनी त्याला मारलं आणि ट्रकचा अपघात झाल्याचा देखावा केला. अंत्यसंस्कार सरकारी इतमामाने झाले. पाच वर्षांनी ‘डॉक्टरांच्या कटा’च्या (सोव्हिएत नेत्यांना मारण्याचा डॉक्टरांवर, त्यांतल्या बहुतेक ज्यूंवर, रचलेला खोटा आरोप) बातमीत त्याचंच नाव देशद्रोही म्हणून छापून आलं. त्याच्या जागी आलेल्या झुस्किनला १२ ऑगस्ट १९५२ ला गोळ्या घातल्या. शगालची भित्तिचित्रं त्रेत्याकोव्ह संग्रहालयाच्या गोदामात गुंडाळून पडली. १९७३ साली शगाल मॉस्कोला आला तेव्हा त्याने त्यांवर सह्या केल्या.

बघायला उरलंय ते थोडं आहे, पण पुरतं. आधी १९२५चा ‘ज्यूंचं नशीब’ हा मूकपट बघा, लेखक इसाक बाबेलने लिहिलेल्या पाट्यांचा. त्यात तो धंद्यामागून धंद्यात आपटणारा मेनाखेम मेंडल आहे. छत्री आणि टोपी तो कशी सांभाळतो इकडे लक्ष ठेवा. मग १९३६च्या ‘सर्कस’मधलं अंगाईगीत. त्याचं यिडिश कडवं पुढे कापून टाकलं होतं, नंतर परत जोडलं. हाती येईल ती प्रत तपासून घ्या. लिअरच्या चित्रणाचे तुकडे शेवटी. ते पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, दुसऱ्यांदा फक्त ऐका, आणि तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. भाषेचा प्रश्न तिसऱ्या वेळी विचारा.