खोक्यांची हमाली

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू झाले आणि आठवड्याभरात एका अडत दुकानातून फोन आला. "ताई, शेतकरी पट्टी घेऊन माघारी आलाय. हमाली एवढी कशी कापली म्हणतोय."

पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब; त्या दुकानाचं पट्टीचं सॉफ्टवेअर मी लिहिते. माल एक किलोच्या रव्यांचा, म्हणजे गुळाच्या ढेपांचा होता, खोक्यांत भरलेला. खोक्यांची हमाली वजनावर धरायची, ती रव्यांच्या नगावर लागली होती. तीस किलोच्या एका रव्याला जेवढी, तेवढीच एकेका किलोला!

चूक माझीच. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'पट्टी' क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एका घटकात, हमाली() या मेथडनं हमाली वजनावर निघायची. तिच्याखालच्या, म्हणजे तिच्या मेथड वारशानं घेणाऱ्या 'गूळपट्टी'त मी ती ओव्हरराइड करून, म्हणजे त्याच नावानं नव्यानं लिहून, नगावर केली होती. खोक्यांसाठी गूळपट्टीतच एक वेगळी मेथड होती, ती सुपर.हमाली() म्हणून वरची वजनाची हमाली घ्यायची; सुपर म्हणजे लगेच वरचा क्लास. क्लास फार फुगला म्हणून ही मेथड उचलून मी गूळपट्टीखालच्या नव्या 'खोकीपट्टी'त ठेवली. एक अक्षरही बदललं नाही. पण तिथून बघितलं तर सुपर म्हणजे गूळपट्टी. कोड तपासून त्याचं भाषांतर करणाऱ्या कंपायलरची काही तक्रार नव्हती, आणि माझ्या टेस्टमध्ये खोक्यांची पट्टी एकही नव्हती.

रिफॅक्टरिंगच्या, म्हणजे काम न बदलता कोडची मांडणी बदलण्याच्या, प्रत्येक पायरीला पूर्वअटी असतात, हे विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ मध्येच इलिनॉय विद्यापीठातल्या प्रबंधात मांडलं. पुढे पाउलो बोर्बा या संगणकशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी अशा बदलांचे बीजगणितासारखे नियम बसवले. मेथड वरच्या-खालच्या क्लासात हलवण्याच्या नियमाला तिथं स्पष्ट अट आहे: मेथडच्या आत सुपर नको. मी नेमकी तीच मोडली होती.

मग तीन संध्याकाळी बसून जेएमएलमध्ये, म्हणजे जावासाठीच्या करारांच्या भाषेत, करार लिहिले: प्रत्येक मेथडनं नेमकं काय द्यायचं ते. रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकात. पट्टीच्या हमालीवर लिहिलं: उत्तर बरोबर वजन गुणिले दर. हे करार तपासणारं ओपनजेएमएल दोन-चार आकडे घालून बघत नाही, करारात बसणाऱ्या सगळ्याच आकड्यांसाठी सिद्धता मागतं. आणि ते अडलं, पण खोकीपट्टीच्या आधी गूळपट्टीवरच! जेएमएलमध्ये आईचा, म्हणजे वरच्या क्लासचा करार मुलीला, म्हणजे खालच्या क्लासला पाळावाच लागतो. लिस्कोव्ह आणि विंग या संगणकशास्त्रज्ञांचा १९९४ चा विचार तोच. माझी गूळपट्टी तो पहिल्या दिवसापासून मोडत होती. वजनाची हमाली आणि नगाची हमाली या दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच नाव दिलं होतं. मेथड हलवली नसती तरी हा घोटाळा कधीतरी कुणाच्या तरी पट्टीत उतरलाच असता. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

आता वजनहमाली() आणि नगहमाली() अशा दोन मेथड आहेत, सुपर कुठंच नाही. सगळे करार सिद्ध झाल्यावरच खोक्यांची मेथड पुन्हा खाली हलवली.

त्या शेतकऱ्याला फरक दुसऱ्या दिवशी मिळाला. मग आठवड्याभरातल्या सगळ्या पट्ट्या मागवून तपासल्या. आणखी अकरा निघाल्या. त्यातल्या नऊ जणांचे पैसे पोचले, दोघांचे फोन अजून लागत नाहीत.