दम होता, बैठक नव्हती
एमआरआयचा रिपोर्ट आला तेव्हा मॅरेथॉनला सात आठवडे उरले होते. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. आधीच्या एक्स-रेत काहीच दिसलं नव्हतं, म्हणून मी आणखी दोन आठवडे दुखणं दामटत पळत राहिलो. (सुरुवातीला हे फ्रॅक्चर एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, हे नंतर कळलं.) पळणं बंद झालं. चालताना दुखेनासं झाल्यावर डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. पॅडल मारताना पाऊल जमिनीवर आदळत नाही, त्यामुळे हाडाला तो धक्का बसत नाही.

माझी समजूत अशी की पळणाऱ्याला सायकल म्हणजे सुट्टीच. पहिल्याच रविवारी 40 किलोमीटर गेलो. श्वास लागला नाही, मांड्याही कुरकुरल्या नाहीत. पण परतताना सीटवर धड बसवेना आणि उजवा गुडघा समोरून ठणकत होता. हृदय आणि फुप्फुसं इतक्या वर्षांच्या पळण्याने तयार होती. बूड, तळहात आणि मान मात्र बालवाडीत होती.

गुडघ्याचं कारण साधं निघालं, सीट खाली होती. पॅडल सर्वांत खाली नेऊन त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. समोरून दुखलं तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखलं तर वर. मी ती एका दमात वर न नेता थोडी थोडी चढवली. बुडाचं कारण सांगायला लाज वाटते. पॅडवाल्या शॉर्टच्या आत मी दोन आठवडे रोजची अंडरवेअर घालत होतो. त्या शॉर्टच्या आत काहीही घालायचं नसतं, नाहीतर आतली शिवणच कातडी सोलते. पॅड कशासाठी असतं हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पळण्यातली एक सवय मात्र कामी आली. मी मिनिटाला साधारण 180 पावलं टाकायचो, म्हणजे एका पायाची 90. सायकलवर पॅडलचे मिनिटाला 80 ते 90 फेरे चांगले मानतात. लय अंगात होतीच, पण मी ‘ताकद लावली म्हणजे व्यायाम’ अशा भ्रमात जड गिअर रेटत होतो. गिअर हलका केला आणि गुडघ्याची उरलीसुरली तक्रारही मिटली.

चार महिन्यांनी सोबतच्या एकाने 200 च्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, नाव घालायला लावलं. तिचे नियम पॅरिसच्या ओदाक्स क्लबचे आणि जगभर तेच. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे ठरवून दिलेल्या थांब्यांवर, कार्डावर नोंद घ्यायची आणि काही बिघडलं तर आपलं आपण निस्तरायचं. घड्याळ मात्र एकदा सुरू झालं की तुम्ही थांबलात तरी थांबत नाही. पळणाऱ्याला हेच पचत नाही. आमच्या डोक्यात वेग असतो, थांबण्याचा हिशेब नसतोच.

सकाळी सहाला निघालो. पहिल्या 60 किलोमीटरमध्ये दिसेल त्याला मागे टाकत होतो. ज्यांना टाकलं त्यातले बरेच जण मला पहिल्या कंट्रोलवर पुन्हा भेटले आणि पाणी भरून पाच मिनिटांत निघूनही गेले. मी पाय पसरून बसलो होतो. नव्वदीच्या पुढे करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या. तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली गेली होती. मग दर दहा मिनिटांनी पकड बदलत राहिलो. खाण्यातही चुकलो. पळताना पोट हिंदकळतं म्हणून कमी खायची सवय, ती इथेही चालू ठेवली. दुपारी अंगातून वारं गेल्यासारखं झालं तेव्हा कळलं, भूक लागायच्या आधीच खायला हवं होतं.

आणि 130 ला पंक्चर. घाईघाईने नवी ट्यूब घातली, दोनशे मीटरवर तीही बसली. टायरमध्ये तारेचा बारीक तुकडा तसाच होता. आधी टायर आतून बोटांनी नीट चाचपायचा, हे मला तोंडपाठ होतं, नेमक्या वेळी आठवलं नाही. जुनी ट्यूब रस्त्याकडेला बसून चिकटवली. त्यात पाऊण तास गेला.

पावणेसातला पोहोचलो, मुदतीला पाऊण तास बाकी असताना. हिशेब केला तर चाक फिरलं होतं दहा तास. उरलेले पावणेतीन तास मी कुठे ना कुठे थांबलेलो होतो.

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी मी जिना उलटा उतरायचो. या वेळी सरळ उतरलो, नडगी दाबून पाहिली, काही नाही. खुर्चीत मात्र बसवेना, म्हणून नाश्ता उभ्यानेच केला. 300 ची नोंदणीही उभ्या उभ्याच केली.