तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईत सायकलचा फायदा काय?

हा प्रश्न लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, दाताचा डॉक्टर तर माझं तोंड उघडं असतानाच विचारतो. पाठोपाठ घाम, पाऊस आणि जीव हे पोटप्रश्न. एकदाच सगळं लिहून टाकते.

फायदा वेळेच्या खात्रीचा. कुर्ला स्टेशनहून बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली ऑफिसं, तीन-चार किलोमीटर. शेअर रिक्षाच्या रांगेत किती वेळ जाईल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. सायकल ताशी १२ ते १५ किलोमीटरने, सिग्नल धरून, वीसेक मिनिटांत पोचते. सोमवारी तेवढीच, शुक्रवारीही तेवढीच. पूर्वी मी पैसे, पोट, प्रदूषण अशी यादी म्हणून दाखवायचे. यादीत चूक काही नाही, पण ती ऐकून कोणी सायकल घेतल्याचं मला तरी माहीत नाही. आणि सात-आठ किलोमीटरच्या पुढे मीच लोकलची बाजू घेईन. बोरिवलीहून चर्चगेटला सायकलने जा, असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

घामाचं सोपं आहे. सॅक पाठीवरून काढून कॅरिअरला बांधा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. शेवटचा अर्धा किलोमीटर रमतगमत या. पोचल्या पोचल्या शर्ट बदलू नका; वारा थांबला की घाम जास्तच फुटतो. दहा मिनिटं पंख्याखाली थांबा, मग बदला.

जीवाचं मात्र लांबवून सांगावं लागेल, कारण तिथे तुमचा सल्लाच उलटा आहे. ‘कडेने चालवा की हो’ असं रिक्षावाले ओरडतात, घरचेही बजावतात. कडेला काय असतं ते एकदा वाकून बघा. काँक्रीट संपतं आणि गटारालगत पेव्हर ब्लॉक, म्हणजे एकमेकांत बसवलेल्या सिमेंटच्या विटा, सुरू होतात. ब्लॉक खचतात, काँक्रीट जागचं हलत नाही. दोन्हींच्या मध्ये रस्त्याच्याच दिशेने फट पडते, दीड-दोन इंचांची. सायकलचं टायर साधारण तेवढंच रुंद. आता दोन चाकांवरचा तोल हँडलने राखला जातो: अंग जिकडे कलेल तिकडे चाक किंचित वळवून ते पुन्हा अंगाखाली आणायचं. हे आपण न कळत करत असतो. फटीत उतरलेलं चाक वळतच नाही. माणूस घाबरून हँडल उजवीकडे ओढतो, चाक फटीची कड घासत सरळ जातं आणि अंग उजवीकडे आडवं होतं. उजवीकडे म्हणजे मागून बस येत असते त्या बाजूला. गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने बसवलेले असतील तर हाच प्रकार. मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी पत्र्यांच्या फटीतही हाच, वर पावसात तो पत्रा साबणासारखा.

म्हणून कडेपासून एक मीटर आत. उभ्या गाड्यांपासूनही तेवढंच, दार कधी उघडेल सांगता येत नाही. फट ओलांडायचीच असेल तर मागे बघा, वेग कमी करा, मग ब्रेक सोडून चाक होईल तितकं काटकोनात न्या. ओल्या पत्र्यावर ब्रेक नको, वळणही नको. रेसिंगची बारीक चाकं शोभेला ठेवा. टायर ३५ ते ४५ मिलिमीटरचं घ्या. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे, म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय. याने मी उद्धट ठरते, ठरू दे. पण एक मीटर आत राहिलं की सगळं टळतं, असंही माझं म्हणणं नाही. सिग्नलला डंपरच्या डाव्या बाजूला घुसलात तर ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही, तो डावीकडे वळला की संपलं. सायकलींसाठी वेगळा ट्रॅक हवा, हे मलाही कळतं. बीकेसीत २०११ साली केला होता, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या.

पाऊस म्हणजे चेन. भिजून आल्यावर फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पायडल उलटं फिरवा, थोड्या वेळाने वरचं तेल पुसून टाका. वरचं राहिलं तर त्यावर चिखल बसतो. शिलाई मशीनचं तेल पातळ, एका सरीत धुऊन जातं. महिन्यातून एकदा पट्टी लावून चेन मोजा: चोवीस कड्या बरोबर बारा इंच, म्हणजे ३०.४८ सेंटीमीटर, भरायला हव्यात. ३०.७ च्या आसपास गेल्या की चेन बदला, नाहीतर ती फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दात खाते आणि नेमकी सिग्नल सुटताना जोर दिला की सटकते. रबरी ब्रेक ओल्या रिमवर आधी पाणी पुसतात, मग धरतात. म्हणून लवकर आणि हलके दाबा. तुंबलेल्या पाण्यात मात्र उतरा. उघडं मॅनहोल दिसत नाही, शिवाय पाणी एक्सलपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यापर्यंत, चढलं की आतलं ग्रीस जातं.

‘मुलाला कॉलेजला सायकलने पाठवू का?’ हेही विचारता. फाइव्ह गार्डनच्या आतल्या शांत रस्त्यांनी माटुंग्याला जाणार असेल तर खुशाल. सायन सर्कलच्या गर्दीच्या चौकातून एकटा, तर नको. या दोन्हींच्या मधल्या मुंबईबद्दल माझं मत सकाळी एक असतं, संध्याकाळी परत येताना दुसरं.